घरपट्टी वाढणार म्हणून घरातच दोन तट पडलेत, सुनावणीत मी काय बोलू?

पत्र: ताई, आमच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षीच्या बजेटसोबत घरपट्टी एकदम वीस टक्के वाढवायचा प्रस्ताव आणलाय. गेली कित्येक वर्षं वाढ नव्हती. आमच्या भागातल्या रहिवाशांची मीटिंग झाली आणि शेवटी तिचं भांडणच झालं. माझे सासरे, आबा, निवृत्त आहेत, घर त्यांच्या नावावर आहे, ते म्हणतात आधी उधळपट्टी थांबवा, तोवर एक पैसा वाढू देणार नाही. नवरा म्हणतो पाण्याची लाइन कुजलीय, शाळेत शिक्षक कमी आहेत, पैसे काय आकाशातून पडणार आहेत का, वाढ द्यायलाच हवी. भाडेकरूंनी तर हातच झटकले, आमचा काय संबंध म्हणून. शेजारचे काका वाढीच्या बाजूने बोलले तर आबांनी त्यांना नको ते ऐकवलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. आणि सुनावणीत बोलायला सगळ्यांनी मलाच उभं केलंय, का तर मी कुणाची बाजू घेतली नव्हती. खरं सांगते, मला कळतच नाहीये कुणाचं बरोबर आहे. बजेटचं पुस्तक आणलंय, उघडलं की डोकं गरगरतं. काय बोलू?

उत्तर:

तुम्ही कुणाची बाजू घेतली नाहीत ते बरंच झालं, कारण तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की आबा आणि तुमचे मिस्टर दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. आबा विचारतायत, आत्ता जे पैसे घेता ते नीट खर्च होतात का. मिस्टर विचारतायत, जी कामं करायचीत त्यांना आत्ताचे पैसे पुरतात का. आता ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना, पैसे वायाही जात असतील आणि कमीही पडत असतील. पण मीटिंगमध्ये वीस हा एकच आकडा समोर ठेवून हो का नाही विचारलं की माणसं दोन गटांत जाणारच, आणि मग जो तो आपापल्या गटाची इभ्रत सांभाळत बसतो. तुम्ही सुनावणीत हो-नाहीच्या आधीचे प्रश्न विचारा, ते विचारले की अर्धं भांडण आपोआप बाजूला पडतं.

सगळ्यात आधी हे विचारा की वीस टक्के म्हणजे नेमकं कशाचे वीस टक्के? हे ऐकायला सोपं वाटतं पण खूप मीटिंगांमध्ये हेच कुणी विचारलेलं नसतं. घरपट्टीचं बिल दोन गोष्टींवर ठरतं, तुमच्या घराचं नगरपालिकेने धरलेलं मूल्य आणि त्या मूल्यावर लावलेला दर. ह्यातलं काहीही हललं तरी बिल हलतं. समजा फेरआकारणी झाली आणि सगळ्याच घरांचं मूल्य दीडपट धरलं, दर मात्र आहे तोच ठेवला, तर सभागृहात कुणीही छातीठोकपणे सांगू शकतं की आम्ही दर वाढवलेलाच नाही, आणि तुमच्या हातात बिल येतं दीडपट. उलट सगळ्यांचं मूल्य दुप्पट झालं आणि दर निम्मा केला तर कुणाचंच बिल बदलत नाही. आणि मूल्यं कमी-जास्त वाढली, दर मात्र एकूण वसुली तेवढीच राहील असा खाली आणला, तर ज्याचं घर सरासरीपेक्षा कमी वाढलं त्याचं बिल उतरतं आणि ज्याचं जास्त वाढलं त्याचं चढतं. म्हणजे "एकूण किती जास्त पैसे गोळा होणार" आणि "कुणाकडून किती गोळा होणार" हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत.

अमेरिकेतल्या युटा राज्याने ह्यावर 1985 साली एक चांगला कायदा केला. घरांच्या किमती वाढल्या की दर आपोआप एवढा खाली आणायचा की जुन्या मालमत्तांकडून एकूण वसुली गेल्या वर्षीइतकीच राहील. स्थानिक संस्थेला त्याहून जास्त पैसे हवे असतील तर तिने तसं उघड जाहीर करायचं, लोकांना सुनावणीला बोलवायचं आणि मग तिच्या सदस्यांनी त्यावर मतदान करायचं. तिथे कर वाढतच नाही असं नाही, वाढतो, पण मूल्याच्या आडून चोरपावलांनी वाढत नाही. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही: गेल्या वर्षीइतकीच एकूण रक्कम गोळा करायची असेल तर दर किती लागेल, आणि तुम्ही मागताय तो दर त्यापेक्षा किती जास्त आहे? हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला लावा. आणि अजून एक, बिल एक दिसलं तरी त्यात बहुतेक ठिकाणी तीन-चार आकारण्या एकत्र केलेल्या असतात, सामान्य कर वेगळा, पाणी वेगळं, सांडपाणी वेगळं, वीस टक्के सगळ्यांवर की फक्त एकावर तेही स्पष्ट करून घ्या.

आता ते पुस्तक. सुरुवातीचं भाषण आणि रंगीत गोल चित्रं सध्या सोडून द्या, ती नंतर वाचा. सरळ तक्त्यांवर जा. साधारण प्रत्येक ओळीपुढे चार आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्षात झालेला खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक पाहतात शेवटचा आकडा, खरी माहिती असते पहिल्या तिघांत. जलवाहिनी दुरुस्तीची ओळ काढा. समजा तिथे मूळ अंदाज 100 आहे, सुधारित अंदाज 40 आहे, मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च 35 आहे, आणि पुढच्या वर्षासाठी परत 120 मागितलेत. ह्याचा अर्थ काय? पैसे मंजूर होते तरी काम झालं नाही. मग का झालं नाही ते विचारायचं, टेंडर निघालं नाही, का अभियंता नाही, का पैसे दुसरीकडे वळवले. जिथे 100 मिळून 40 च वापरले गेले तिथे 120 देऊन लाइन कशी बदलणार आहे? आणि ह्याच्या उलट चित्र असेल, म्हणजे दर वर्षी अंदाज 100 आणि प्रत्यक्ष 140, तर समजायचं की ते खातं मुद्दाम कमी दाखवलं जातंय आणि फरक दुसऱ्या कुठल्यातरी कामाच्या तोंडचा काढला जातोय. अशा पाच-सहा ओळी, ज्या तुमच्या भागाला लागू पडतात त्याच, तुम्ही आणि मिस्टर मिळून एका संध्याकाळी काढू शकाल, सगळं पुस्तक पाठ करायची काही गरज नाही. आबांना पण बसवा, त्यांना जी उधळपट्टी दिसते ती कुठल्या ओळीत आहे ते त्यांनाच शोधू द्या, नुसतं "चोर आहेत सगळे" म्हटल्यावर समोरचा अधिकारी मान डोलावून पुढे जातो, पण "हा खर्च तीन वर्षांत दुप्पट का झाला" ह्याला त्याला उत्तर द्यावं लागतं.

मग थकबाकीचं पान. ह्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण तुमच्या सुनावणीत सगळ्यात उपयोगी पडेल ते हेच. कर लावणं आणि कर वसूल होणं ह्यात मोठं अंतर असतं. समजा वर्षाची चालू मागणी, म्हणजे ह्या वर्षी लावलेला एकूण कर, 100 आहे आणि हातात येतात 70. आता वीस टक्के वाढवली, मागणी झाली 120, वसुलीचं प्रमाण तेच राहिलं तर हातात येणार 84. आणि वाढ अजिबात न करता जुन्याच 100 पैकी 85 वसूल केले तर? 84 पेक्षा जास्तच झाले की. वाढीत आणि वसुलीत हाच फरक आहे, वाढीचा सगळा भार पडतो जे आधीपासून वेळेवर भरतायत त्यांच्यावर, जे भरत नाहीत त्यांची फक्त थकबाकी मोठी होते. आबांच्या रागाचं मूळ बहुतेक इथेच असणार, आयुष्यभर वेळेत भरलेल्या माणसाला हे लागतंच, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

पण इथे मिस्टरांचं पण ऐका. थकबाकीचा मोठा आकडा बघून "हे वसूल करा, वाढ नको" असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्या आकड्यात कोर्टात अडकलेली प्रकरणं असतात, बंद पडलेले कारखाने असतात, पडीक जागा असतात, वर्षानुवर्षं साचलेला दंड आणि व्याज असतं, कधी एकाच मालमत्तेची दोनदा नोंद झालेली असते. म्हणून विचारताना असं विचारा की मूळ कर किती, दंड-व्याज किती, वादातली रक्कम किती आणि खरोखर वसूल होण्यासारखी किती. आणि दुसरं, जुनी थकबाकी एकदा वसूल झाली की संपली, ते पैसे परत पुढच्या वर्षी येणार नाहीत. त्यातून पाइप बदला, पंप घ्या, छप्पर दुरुस्त करा, पण त्यातून नवीन शिक्षकांचे पगार सुरू केलेत तर दोन वर्षांनी पगाराला पैसे कुठून आणणार? चालू मागणीच्या वसुलीचं प्रमाण कायमचं सुधारलं तर मात्र ती दर वर्षीची मिळकत झाली, त्यावर पगार चालू शकतो.

बजेटमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, एकदाच येणारा पैसा आणि दर वर्षी येणारा पैसा, एकदाच होणारा खर्च आणि दर वर्षी होणारा खर्च, ह्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. जमीन विकून आलेले पैसे, वरून आलेलं खास अनुदान, शिल्लक मोडून काढलेली रक्कम हे सगळं एकदाचं. पगार, पेन्शन, वीजबिल, कचरा उचलणं, कर्जाचे हप्ते हे दर वर्षीचं. पुस्तकात आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक बघा, शिल्लक दर वर्षी खाली खाली जात असेल तर घर मोडून चूल पेटवणं चाललंय. राखीव किती असावी ह्याचा एक अंदाज म्हणून सांगते, अमेरिकेतली सरकारी वित्त अधिकाऱ्यांची जी संघटना आहे ती म्हणते की किमान दोन महिन्यांच्या नेहमीच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी हवी. तुमच्याकडे त्याहून खूप जास्त पडून असेल तर वाढ कशाला हे विचारायला जागा आहे, खूप कमी असेल तर मिस्टरांच्या काळजीत दम आहे.

आता "कित्येक वर्षं वाढ नव्हती" ह्याबद्दल. हे आपल्याला चांगलं वाटतं पण मला तुमच्या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात जास्त खटकलं. महागाई वर्षाला 5 टक्के जरी धरली तरी दहा वर्षांत जे काम 100 मध्ये व्हायचं त्याला 163 लागतात. मधल्या काळात कर तोच राहिला म्हणजे दर वर्षी थोडं थोडं काम कमी होत गेलं, आणि कमी काय होतं तर जे लगेच दिसत नाही ते, जमिनीखालचे पाइप, गटारांची सफाई, शाळेच्या भिंतींचं वॉटरप्रूफिंग. पगार थांबवता येत नाहीत, दुरुस्ती पुढे ढकलता येते. आणि ढकललेली दुरुस्ती स्वस्त होत नाही, गळकी लाइन वेळेत सांधली असती तर सांध्याचा खर्च होता, आता अख्खी लाइन आणि वरचा रस्ता दोन्ही उकरायचे. त्याच हिशोबाने वीस टक्के म्हणजे चार वर्षांची महागाईसुद्धा पुरती भरून निघत नाही. निवडणुका बघून वर्षानुवर्षं वाढ टाळायची आणि मग एका वर्षी लोकांच्या डोक्यावर सगळी एकदम आदळायची, ही पद्धत मला अजिबात पटत नाही, आणि सुनावणीत हे तुम्ही स्पष्ट बोलायला हवं.

दोन्ही टोकं कुठे जातात त्याची उदाहरणं आहेत. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भराभर चढल्या, बिलं त्यांच्यामागे चढली, पेन्शनवरची माणसं घाबरली, आणि 1978 साली लोकांनी मतदान करून कायमची मर्यादा घातली: कर मूल्याच्या 1 टक्क्यापुरता, मूल्य वर्षाला फार तर 2 टक्के वाढणार, बाजारभावाने परत मोजणी फक्त घराची मालकी बदलेल किंवा नवीन बांधकाम होईल तेव्हा. म्हणजे आबांचीच मागणी कायदा झाली म्हणा ना. जुन्या लोकांना आधार मिळाला हे खरंच आहे. पण एकाच रस्त्यावरच्या दोन सारख्या घरांत, जुना मालक एक भरतो आणि नवीन घेतलेला कित्येक पट भरतो अशी अवस्था झाली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे तक्रार करणारी मालकीण काही शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर भरत होती, तरी 1992 साली कोर्टाने तो नियम कायम ठेवला. तरुण कुटुंबांनी जुन्यांचा भार उचलायचा असं ते झालं.

आणि दुसरीकडे बर्मिंगहॅम. इंग्लंडमध्ये नगरपालिकांना तुटीचं बजेट मांडता येत नाही. ह्या शहरावर समान वेतनाची, म्हणजे बायकांना कमी दिलेल्या पगाराच्या भरपाईची, जुनी देणी साचली होती, वर नवीन संगणक यंत्रणा फसली, सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हिशोब जुळत नाही, कायद्याने करावाच लागतो तेवढा सोडून नवा खर्च बंद. पुढच्या वर्षी कर 9.99 टक्के वाढला, आणि वाढ होऊनसुद्धा ग्रंथालयं, कला, तरुणांसाठीच्या सेवा ह्यांच्यावर कात्री चालली. जास्त भरा आणि कमी मिळवा, अशी वेळ येते ती देणी वेळेत समोर न मांडल्यामुळे. म्हणून तुमच्या पुस्तकात देण्यांचं पान असेल तर ते नक्की बघा, कंत्राटदारांची थकलेली बिलं, पेन्शन, कर्ज, कोर्टाचे दावे. ते पान नसेल तर ते का नाही हाच तुमचा प्रश्न.

आबांबद्दल मला वेगळं बोलायचंय. घराची किंमत वाढली म्हणजे आबांच्या हातात पैसा वाढला असं होत नाही, पेन्शन तेवढीच राहते, आणि घर विकल्याशिवाय त्या किमतीचा त्यांना काही उपयोग नाही. ही भीती खरी आहे आणि सुनावणीत ती मांडायला हवी. पण त्यासाठी सरसकट सगळ्यांची वाढ रद्द करा म्हणणं म्हणजे ज्यांना परवडतं त्यांनाही सूट देणं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये 55 वर्षांवरच्या घरमालकांना कर पुढे ढकलायची सोय आहे, राज्य सरकार त्यांच्या वतीने भरतं, ती रक्कम घरावर कर्ज म्हणून राहते, त्यावर व्याज लागतं, आणि घर विकलं किंवा नावावरून गेलं की फेडायची. कुणाला घर सोडावं लागत नाही आणि नगरपालिकेचे पैसेही बुडत नाहीत. मला ही पद्धत माफीपेक्षा जास्त न्याय्य वाटते, कारण माफी दिली की तेवढा भार गुपचूप बाकीच्यांवर जातो, शेजारच्या नव्याने घर घेतलेल्या जोडप्यावर जातो. तुम्ही मागणी करा की कमी उत्पन्नाच्या आणि निवृत्त घरमालकांना, ते स्वतः त्या घरात राहत असतील तर, विनादंड हप्ते किंवा पुढे ढकलण्याची सोय मिळावी आणि ती वाढ लागू होण्याआधी मिळावी. आधी वाढ, सवलतीचं नंतर बघू, असं म्हणाले तर मान्य करू नका.

भाडेकरूंनाही परत बोलवा हो. बिल त्यांच्या नावावर येत नाही म्हणून संबंध नाही असं नसतं, करार संपला की मालक वाढीचा काही भाग भाड्यात घालतोच, किती घालू शकतो ते तिथे रिकामी घरं किती आहेत त्यावर ठरतं. आणि नळ त्यांच्याही घरात आहे, मुलं त्यांचीही त्याच शाळेत आहेत. तुमच्या निवेदनावर त्यांच्या सह्या असल्या तर त्याचं वजन वाढेल.

एक मुद्दा तुमच्या पत्रात नाही पण नक्की निघेल, आमच्या घराला इतकी आणि त्यांच्या घराला तितकीच का. आकारणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर असली की हा संशय कायम राहतो. पाटण्यात 1993 साली ह्यावर उपाय म्हणून आकारणी सरळ तीन गोष्टींना बांधली, घर कुठल्या प्रकारच्या रस्त्यावर आहे, बांधकाम कसं आहे आणि वापर राहण्यासाठी की धंद्यासाठी, म्हणजे कुणीही आपलं बिल स्वतः मोजून बघू शकेल, आणि पुढे सुप्रीम कोर्टानेही ती पद्धत योग्य ठरवली. तुमच्याकडची पद्धत काहीही असो, कुणालाही स्वतःचं बिल कागदावर मांडून पडताळता आलं पाहिजे एवढी मागणी ठेवाच. फेरआकारणी झाली असेल तर वैयक्तिक हरकतीची मुदत वेगळी असते, ती चुकवू नका, सार्वजनिक सुनावणीत बोललात म्हणजे तुमच्या घराची हरकत नोंदली गेली असं होत नाही.

आता प्रत्यक्ष बोलायचं काय. तुम्हाला वेळ फार मिळणार नाही, तीन-चार मिनिटं धरा. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते: "आम्ही वाढीला सरसकट विरोध करायला आलेलो नाही आणि सरसकट होकार द्यायलाही नाही. ह्या वाढीतून वर्षाला किती जादा रक्कम येणार आणि ती कुठल्या कामावर जाणार हे ठरावातच लिहा. जलवाहिनीसाठी मागच्या वर्षी मंजूर झालेल्यातले किती खर्च झाले आणि बाकीचे का झाले नाहीत ते सांगा. चालू वसुलीचं प्रमाण आज किती आहे आणि वर्षाअखेर किती करणार ते सांगा. वाढ एकदम न करता तीन वर्षांत विभागा, आणि दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीचं काम आणि वसुली दाखवल्यावरच लागू करा. निवृत्त आणि कमी उत्पन्नाच्या रहिवाशांसाठी पुढे ढकलण्याची सोय पहिल्या दिवसापासून द्या. एवढं असेल तर आमच्या भागाचा पाठिंबा आहे, नसेल तर विरोध नोंदवून घ्या." बस. जागेवरचे आकडे तुमच्या पुस्तकातले घाला, पान क्रमांकासकट. पान क्रमांक सांगितला की समोरच्यांना पुस्तक उघडावंच लागतं.

तुमची यादी फार लांबवू नका. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 पासून रहिवाशांनीच भागाभागात सभा घेऊन नव्या कामांचा क्रम ठरवायची पद्धत सुरू झाली, आणि लोकांना निवडायला सांगितल्यावर त्यांनी सुरुवातीला मागितलं ते पाणी, गटारं आणि रस्ते. सगळं हवंय म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही, पहिलं हे आणि मग ते असं सांगणाऱ्याचं ऐकणं भाग पडतं. तुमच्या भागाने सुनावणीच्या आधी एवढंच ठरवावं, लाइन पहिली की शाळा पहिली. मला तुमच्या पत्रावरून लाइन पहिली वाटते कारण तो एकदाचा खर्च आहे आणि उशीर केला की वाढणारा आहे, पण हे ठरवायचं तुम्ही.

घरातलं. आबांना जाऊन "तुमचं चुकलं" असं सांगायला जाऊ नका, त्यांना सांगा की वसुलीचा मुद्दा तुमचाच आहे, तो मी मांडणार आहे, मला त्या पानावरचे आकडे नीट काढून द्या. मिस्टरांना लाइन आणि शाळेच्या ओळी द्या. आणि काकांकडे तुम्ही स्वतः जा, आबांच्या वतीने माफी मागायला नाही, निवेदनाचा कच्चा कागद दाखवायला, ह्यात तुमचा मुद्दा बरोबर उतरलाय का एवढं विचारायला. कागदावर दोघांचे मुद्दे खालोखाल आले की सही करायला एकत्र बसवणं सोपं जातं. मीटिंगमध्ये शब्द गेले त्याबद्दल आबांना जे वाटायचं ते वाटेल, त्यांच्यावर घाई करू नका, पण कुणी करबुडवा आणि कुणी नगरसेवकांचा माणूस असे शब्द पुढच्या मीटिंगमध्ये कुणाच्याच तोंडून निघणार नाहीत हे मात्र सुरुवातीलाच सांगून टाका.

शेवटचं, फक्त बोलून येऊ नका. जे बोलणार ते लेखी द्या, दोन प्रती, एकीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून घ्या. सुनावणीनंतर इतिवृत्ताची प्रत मागा आणि तुमचे मुद्दे त्यात जसेच्या तसे आलेत का वाचा, "रहिवाशांनी विरोध केला" एवढंच लिहिलं असेल तर पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम होण्याआधी लेखी दुरुस्ती मागा, कारण पुढच्या वर्षी सुधारित अंदाज आल्यावर तुम्हाला हाच कागद लागणार आहे.